चिकाटीची परीक्षा : वैद्यकविद्येच्या वाटेवरील पहिली मराठी पावले

जयपूरहून सीकरकडे जाणारा महामार्ग चौमूंवरून जातो. सकाळच्या वेळी या रस्त्याने धावणाऱ्या बसगाड्यांत पाठीवर जड दप्तर आणि मांडीवर जीवशास्त्राच्या टिपणांची वही घेतलेली मुलेमुली हमखास दिसतात. सीकर हे गेल्या काही वर्षांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गांचे मोठे केंद्र झाले आहे. २०२४ साली ही प्रवेशपरीक्षा देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्याच वर होत्या. प्रवेश मिळाला तरी पुढे साडेचार वर्षांचे अध्ययन, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षणाची तितकीच खडतर वाट उरतेच.

एवढ्या लांबच्या वाटेवर कोण टिकेल, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. त्याचे घरोघरी ऐकू येणारे उत्तर एकच : ज्याच्या अंगी चिकाटी असेल तो. हे उत्तर खोटे नाही. पण ते पुरते खरे आहे काय? त्याची पारख करायची तर यशाच्या आजच्या याद्यांपेक्षा इतिहास अधिक उपयोगी पडतो. कारण आरंभीच्या काळात या विद्येची वाट मळलेली नव्हती आणि चालणाऱ्याच्या पायांत किती बळ होते, हे तेथे स्पष्ट दिसते. मराठी भाषकांपुरते बोलायचे तर ही कथा मुंबईत सुरू होते आणि फिलाडेल्फिया, एडिंबरो व लंडन असा फेरा घेऊन सुरत-राजकोटपर्यंत येते.

शिक्षकाचा विद्यार्थी झालेला पुरुष

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. तेथून १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांद्रे येथला. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत असत. बुद्धिबळातील या मुलाचे चातुर्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आले आणि त्याने वडिलांना मुलास इंग्रजी शिक्षण देण्याविषयी गळ घातली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिकून भाऊ तेथेच शिक्षक झाले. बालहत्येवरील निबंधाला पारितोषिक मिळाल्याने त्यांचे नावही झाले होते.

प्रतिष्ठेची नोकरी हाती असताना त्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले. त्या काळी शवविच्छेदन हे शब्द उच्चारणेही सोवळ्या समाजाला जड जात असे. घरी परतल्यावर स्नान, शुद्धी, नातलगांचे टोमणे, हे सारे सोसूनच ही विद्या शिकावी लागे. भाऊंनी ती शिकली. इतकेच नव्हे, तर आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी दवाखाना चालविला आणि महारोगावरील औषधाच्या शोधात पुढील आयुष्याचा मोठा भाग घालविला.

चिकाटीचे हे पहिले उदाहरण पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाची बुद्धी आणि श्रम त्याचे स्वतःचे होते. पण ती बुद्धी कोणीतरी ओळखली होती आणि ती वाढावी यासाठी वडिलांशी बोलण्याची तसदी घेतली होती. या इतिहासात ही दुसरी बाजू वारंवार भेटते.

फिलाडेल्फियाची पदवी

आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या आदराने घेतले जाते. १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीस, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने हट्टी आणि पत्नीला शिकविण्याच्या ध्यासाने झपाटलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. बायकांवर उपचार करणारी बाई डॉक्टर नाही, या उणिवेची जाणीव त्यांना पुस्तकातून झालेली नव्हती.

१८८० साली गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. उत्तर आले ते धर्मांतराच्या अटीसह. अट मान्य झाली नाही; पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. एका अनोळखी बाईच्या त्या पत्रातून पुढचे सारे घडले.

प्रयाणापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे इंग्रजीतून सांगितले. बंगालमधील हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे; गोपाळरावांची बदली तेव्हा तेथे झालेली होती. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी मांडले आणि आपण हिंदू म्हणून जात आहोत व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे निक्षून सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबत पती नव्हते, आप्त नव्हते. वय होते अठरा.

फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया ही १८५० साली स्थापन झालेली, केवळ स्त्रियांसाठीची संस्था. तिच्या अधिष्ठात्री डॉ. रेचल बॉडली यांनी या परदेशी मुलीला आर्थिक साहाय्यासह प्रवेश दिला. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पेनसिल्व्हानियाचा हिवाळा आणि अपुरा आहार यांनी मुळातच नाजूक असलेली त्यांची प्रकृती ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांच्याच काळात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली याही त्या महाविद्यालयात शिकत होत्या. तिघींचे एकत्रित छायाचित्र आजही पाहायला मिळते. दूरच्या तीन देशांतील तीन मुली आपापल्या पारंपरिक वेशात त्यात दिसतात.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. कोल्हापूरच्या त्या कक्षात पाऊल टाकण्याचा दिवस आलाच नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

आनंदीबाईंचे चरित्र मुलांना सांगताना बहुधा पदवीदानापाशी टाळ्या वाजतात आणि पुढचा भाग दोन वाक्यांत उरकला जातो. तसे करणे योग्य नव्हे. परीक्षेपुरते पाहिले तर चिकाटीने आपले काम चोख केले होते. ज्या शरीराच्या आधारावर ती उभी होती, त्या शरीराची काळजी मात्र हवी तशी घेतली गेली नाही. परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि डॉक्टर म्हणून आयुष्य जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट चिकाटीने मिळू शकते. दुसरीसाठी चिकाटीबरोबर प्रकृती, विश्रांती आणि मायेची माणसे लागतात.

एडिंबरोहून मुंबईस आलेली बाई

पुढच्या कथेसाठी काही वर्षे मागे, स्कॉटलंडमध्ये जावे लागते. १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणींनी वैद्यकशास्त्रासाठी नाव नोंदविले. 'एडिंबरोच्या सात जणी' या नावाने इतिहासात ओळखल्या जाणाऱ्या या गटात एडिथ पीची होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या अव्वल ठरल्या. तरी केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना मानाची होप शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी जात असताना सर्जन्स हॉलच्या दारात जमलेल्या जमावाने या मुलींची वाट अडवली आणि त्यांच्यावर चिखल फेकला. परीक्षा त्यांनी दिली. पदवी मात्र विद्यापीठाने दिलीच नाही. न्यायालयातही त्यांना अपयश आले.

या सात जणींच्या अंगी चिकाटी कमी होती, असे कोणी म्हणू शकेल काय? तरीही एडिंबरोत त्यांना यश लाभले नाही. दार आतून बंद होते. तेव्हा जेक्स-ब्लेक यांनी १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि एडिथ पीची यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथून पदवी मिळविली. १८८३ साली त्या मुंबईत आल्या. स्त्रिया व बालकांसाठी उभ्या राहत असलेल्या कामा रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. ज्या बाईवर एडिंबरोत चिखल फेकला गेला, तीच काही वर्षांनी मुंबईतील एका मराठी मुलीच्या पाठीशी उभी राहणार होती.

तुरुंग की विद्यालय

ती मुलगी म्हणजे रखमाबाई. १८६४ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले आणि आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. रखमाबाईंचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागले. पण त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडिलांच्या घरात पुस्तकांच्या सहवासात वाढल्या. पतीने नांदायला येण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी नकार दिला. १८८४ साली प्रकरण न्यायालयात गेले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील झाले, फेरसुनावणी झाली. वृत्तपत्रांतून वादळ उठले; 'केसरी'सह अनेकांनी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली : पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा. पुण्यात आनंदीबाईंचे निधन होऊन तेव्हा अवघे सहा दिवस झाले होते. एक मराठी डॉक्टर मुलगी गेली होती आणि पुढे डॉक्टर होणाऱ्या दुसरीच्या समोर तुरुंगाचे दार उघडे होते. रखमाबाईंनी उत्तर दिले की, आपण तुरुंगात जाऊ.

प्रत्यक्षात त्यांना तुरुंगात जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या. १८८९ साली त्या इंग्लंडला निघाल्या. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि निधी उभा करण्यास साहाय्य केले. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांसारख्यांनी हातभार लावला. लंडनमध्ये त्या ज्या विद्यालयात शिकल्या, ते जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ साली उभे राहिलेले स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालयच होते. एडिंबरोच्या बंद दारापुढे हरलेल्या मुलींनी बांधलेल्या घरात मुंबईच्या मुलीला जागा मिळाली.

१८९४ साली शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या. १८९५ पासून सुरतेच्या स्त्रीरुग्णालयात आणि पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. प्लेगच्या साथीतही त्या मागे हटल्या नाहीत. निवृत्तीच्या सुमारास, १८८० च्या दशकातील तोच निर्भयपणा राखून, त्यांनी पडदापद्धती नष्ट करण्याविषयी पुस्तिका लिहिली. १९५५ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आनंदीबाई आणि रखमाबाई यांच्या वयात वर्षभराचेही अंतर नव्हते. चिकाटीच्या तराजूत दोघींची पारडी सारखीच भरतील. तरी एकीला वैद्यकीच्या सेवेचा एक दिवसही मिळाला नाही आणि दुसरीला पस्तीस वर्षे मिळाली. हा फरक चिकाटीने समजावून सांगता येत नाही.

मोजमापाचा प्रयत्न

मनाच्या या गुणाचे मोजमाप करण्याचा प्रयत्न अलीकडच्या काळात झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली बारा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दीर्घकालीन ध्येयावरील निष्ठा आणि त्यासाठी सातत्याने केलेले श्रम, असे दोन घटक तिच्यात होते. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या पहिल्या उन्हाळ्यातील कठोर प्रशिक्षणात कोण टिकून राहील, याचा अंदाज प्रवेशाच्या गुणांपेक्षा या प्रश्नावलीने अधिक चांगला दिला. त्यानंतर जगभर या गुणाचा गाजावाजा झाला.

पुढील संशोधनाने मात्र उत्साहाला थोडा आवर घातला. २०१७ साली मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी साठ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती असलेली अनेक संशोधने एकत्र तपासली. शैक्षणिक यशाशी या गुणाचा संबंध आहे, पण तो माफक आहे; आणि जो आहे तो मुख्यतः श्रमातील सातत्याचा आहे, आवड कधीही न बदलण्याचा नव्हे, असे त्यांना आढळले. वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली केलेला आढावाही बोलका आहे. वैद्यकीय पदवीच्या अभ्यासातील यशापयशात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे २३ टक्के फरक आधीच्या शैक्षणिक कामगिरीशी जुळतो. पदव्युत्तर टप्प्यावर हाच आकडा सुमारे ६ टक्क्यांवर येतो. म्हणजे बारावीचे गुण महत्त्वाचे आहेत. पण विद्यार्थी जसजसा रुग्णाच्या खाटेजवळ जातो, तसतसे ते त्याच्याविषयी कमी सांगू लागतात. उरलेल्या मोठ्या भागात कर्तव्यदक्षता असते, शिकविणारे असतात, घरची परिस्थिती असते, प्रकृती असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. ज्यांची नावे राहिली त्या बहुधा यशस्वी व्यक्ती आहेत. आनंदीबाईंइतकीच जिद्द असूनही ज्यांना कार्पेंटरबाईंचे पत्र आले नाही, अशा किती मुली माजघरात राहिल्या असतील, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. केवळ विजयी लोकांकडे पाहून 'चिकाटी असली की सारे साधते' असा सिद्धांत मांडणे हे त्या अनामिक मुलींवर अन्याय करणारे आहे. आणि आज अपयशी ठरलेल्या मुलाला 'तुझ्यात चिकाटीच नाही' असे म्हणणे हा त्याच अन्यायाचा दुसरा प्रकार आहे.

शाळेने आणि घराने काय करावे

मराठीत हट्ट, जिद्द आणि चिकाटी हे तीन शब्द आहेत आणि तिन्हींच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. हट्ट दुसऱ्याकडून काही मिळविण्यासाठी असतो. जिद्द बहुधा कोणाच्या तरी विरुद्ध पेटते. चिकाटी मात्र कामाला चिकटून राहण्यात असते. तिला समोर प्रतिस्पर्धी लागत नाही. पालकांचा हट्ट आणि मुलाची चिकाटी यांची गल्लत झाली की घरात दुःख शिरते. कोट्याहून अधूनमधून येणाऱ्या हृदयद्रावक बातम्या वाचताना हा भेद कोणी केला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

रखमाबाईंच्या चिकाटीचे मूळ त्यांच्या स्वतःच्या 'नाही' म्हणण्यात होते. स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेण्याचा तो आग्रह होता आणि त्यातूनच पुढे वैद्यकीचे शिक्षण उभे राहिले. जो मुलगा अथवा जी मुलगी दोन प्रयत्नांनंतर शांतपणे 'मला हे नको, मला दुसरे काही शिकायचे आहे' असे सांगते, तिच्यात चिकाटी नाही असे मानू नये. श्रमाची सवय तिच्याजवळ आहे. तिला फक्त वाट बदलायची आहे. क्रेडे यांच्या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थही हाच आहे.

श्रमाची सवय लावणे शाळेच्या हाती आहे. रोजचा गृहपाठ वेळेवर करणे, चुकलेले गणित पुन्हा सोडविणे, न समजलेला धडा न लाजता विचारणे, प्रयोगवहीत निष्कर्ष जसा आला तसाच लिहिणे, या लहान गोष्टींतूनच पुढे रात्रपाळीत रुग्णाच्या खाटेशी उभा राहणारा डॉक्टर घडतो. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी इंग्रजी ग्रंथांचे ओझे जाणवते, हे खरे. पण रखमाबाईही इंग्रजी घरच्या घरी, मिळेल त्या पुस्तकांतून शिकल्या होत्या. ज्याला विषय मुळापासून समजला आहे, त्याला परकी भाषा काही काळ अडवते, कायमची नाही.

दुसरी जबाबदारी मोठ्यांची आहे. भाऊ दाजींना बुद्धिबळाच्या पटावर ओळखणारा गृहस्थ भेटला, आनंदीबाईंना कार्पेंटरबाई आणि बॉडलीबाई भेटल्या, रखमाबाईंना सखाराम अर्जुन आणि एडिथ पीची भेटल्या. यांतले कोणीही परीक्षेला बसले नव्हते. कोणी पत्र लिहिले, कोणी शुल्काची सोय केली, कोणी घरातले कपाट उघडे ठेवले. शाळेने साठ वर्षे पुरी केली आहेत. या काळात शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज कोठे ना कोठे स्थिरावले आहेत, त्यांना हे काम करता येईल. वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या एखाद्या मुलीला महिन्यातून एकदा दूरध्वनी करून अभ्यासाआधी तिची झोप आणि जेवण विचारणे, एवढेही पुष्कळ आहे. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या थंडीत नेमके त्याचीच सर्वाधिक गरज होती.

चौमूंवरून सीकरकडे जाणाऱ्या बसमध्ये उद्या सकाळीही मुले बसतील. त्यांतली काही डॉक्टर होतील, बरीचशी होणार नाहीत. संध्याकाळी ती घरी परततील तेव्हा त्यांना गुणांच्या आधी 'जेवलास का, जेवलीस का' हे विचारले जावे.